सुपारीवरचा पत्ता

मोरू,

कॉलेजच्या अंकात तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं प्राचार्यांनी मला सांगितलं. जन्म, शिक्षण, नोकरीला लागल्याचं साल, हे सगळं कार्यालयातून मिळेल आणि ते दुसरं कोणीतरी नीट लिहील. मला ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी एक वाद संपवायचा आहे. तो अर्ध्यात टाकून तू गेलास, आणि अर्धवट कामं मला चालत नाहीत हे तुला शाळेपासून माहीत होतं.

तुझी तेरवी झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या ग्रंथालयात नवी पुस्तकं आली. त्यांना चिकटवायची लेबलं छापायला घेतली, तर कॉम्प्युटरवरून छपाई होईना. मशीन तक्रार करी, मी पुन्हा आज्ञा देई, मशीन पुन्हा तीच तक्रार करी. मी शिस्तीत लेखी कळवलं. तू असतास तर लिहिलं नसतं. ग्रंथालयाच्या दारात उभी राहून तुला नुसती हाक मारली असती. लेखी कळवल्यावर जे होतं तेच झालं. प्राचार्य म्हणाले, "नागपूरहून माणूस बोलावतो. सगळी मशीन पुसून कोरी करून देईल. शनिवारी येतो म्हणतो. तोवर तुम्हाला काही जमलं तर बघा, मॅडम."

पुसून कोरी करा, हे तर वर्षानुवर्षं मीच तुला सांगत आले. आणि प्राचार्यांच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मलाच ते नको झालं. तुझ्या हातचं तुझ्या कॉम्प्युटरच्या खोलीत जे काही उरलं होतं, ते सगळं त्या मशीनमध्येच होतं.

त्या खोलीचं सांगते. तू गेल्यावर पहिल्या सोमवारी मधल्या सुट्टीच्या जरा आधी मी एकटीच तिथे बसले होते. मुलं वर्गांत. सगळी मशीन गप्प. सुट्टीची घंटा झाली आणि कोपऱ्यातल्या तुझ्या मशीनचा पंखा घुरघुरला. दिवा लुकलुकायला लागला. मग दुसऱ्या मशीनचा, मग तिसऱ्याचा. धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत उडून आलेला भुसा त्या पंख्यांत बसलेला असतो, त्यामुळे त्यांचा आवाज घसा साफ करणाऱ्या माणसासारखा येतो. मी उभी राहिले. वर्गात सर आल्यावर आपण उभे राहायचो, तशी. मग आठवलं, मधल्या सुट्टीत मशीन आपणहून नवं सामान, म्हणजे नवे प्रोग्राम, तपासतील अशी व्यवस्था तूच लावून ठेवली होतीस. तू डबा खायचास आणि मशीनही आपला डबा खायची, असं म्हणायचास. आता डबा खाणारा नव्हता. मशीनना ते कोणी सांगितलं नव्हतं.

मी ती व्यवस्था बंद करू शकले असते. एका ओळीचं काम होतं. केलं नाही. रोज सुट्टीत ते पंखे सुरू होतात आणि रोज मी दाराकडे बघते.

लिनक्स, विंडोजऐवजी मशीन चालवणारं ते फुकटचं सामान, आपल्याकडे आलं ते भंडाऱ्याच्या एका कार्यालयानं काढून टाकलेल्या मशीनबरोबर. टेम्पोतून उतरवताना शिपाई म्हणाला होता, "सर, हे भंगार हाय." तू म्हणालास, "भंगार नाही गा, पाहुणे हायेत. बसू दे त्यांना." आणि मग तू मुलांना, आणि खरं तर मला, ते सगळं लग्नाच्या पंगतीवरून समजावलंस. कुठलाही प्रोग्राम एकटा जेवायला बसत नाही. मामा आल्याशिवाय काका बसत नाही, आणि मामाला त्याच्या साळ्याशिवाय घास उतरत नाही. आपण एकाला बोलावलं की त्याच्यामागे आणखी पाचांना आणावं लागतं. पुस्तकात त्याला डिपेंडन्सी म्हणतात. एखादा सापडला नाही, किंवा आला पण चुकीच्या वयाचा आला, की सगळी पंगत अडते. पडद्यावर तांबड्या ओळींवर ओळी येतात.

तुझा प्रश्न ठरलेला. "कोन रुसलं?"

मी म्हणायचे, "सगळेच रुसलेत. बघ ना, पानभर आलंय."

"पानभर नको वाचू. पयलं नाव वाच. बाकीचे त्याच्यामांगं रुसलेत. पयल्याले मनवलं का बाकीचे आपोआप बसतेत."

"त्यापेक्षा पुसून टाक ना. नवं कोरं भर. अर्ध्या दिवसात काम."

"अशी कशी वं तू? एक मामा रुसला म्हणून मांडव जाळून राहिली!"

"मी मांडव जाळत नाही. मी झाडून काढते."

"ओ रजिस्टरवाली, तुझ्या झाडण्यात माणसं जातेत."

हा आपला वाद. त्यात तू कधी चिडला नाहीस आणि मी कधी हरले नाही. तू एकेक रुसलेला शोधून काढायचास, त्याच्याशी बोलल्यासारखा पुटपुटायचास, "काय पाहिजे तुले? नवा भाऊ पाहिजे? घे." आणि तासाभरानं मशीन चालू. मी माझ्या कामांच्या यादीत त्यावर खूण करायचे. यादीवर खूण झाली की मला बरं वाटतं. तुला खूण झाल्यावर करमत नसे. तू लगेच म्हणायचास, "अजून कोन रुसलं?"

मग या उन्हाळ्यात तू सगळी मशीन लिनक्सच्या नव्या आवृत्तीवर नेलीस आणि माझा कॅटलॉगचा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींचा, प्रोग्राम बसेना. त्याला लेबल छापायचं एक जुनं सामान हवं होतं, आणि नव्या आवृत्तीत त्या नावाचं काही उरलंच नव्हतं. आणखीही दोन-तीन नावं तो मागत होता. तू दोन दिवस शोधलंस. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात येऊन म्हणालास, "झालं. सुपारी ठेवली."

दारात आपले प्राचार्य उभे. त्यांनी एवढंच ऐकलं. "कोणाची सुपारी दिली, सर?"

"मॅडमच्या मशीनची."

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तूही विसरला नसशील, जिथे असशील तिथे. ते गेल्यावर आपण इतके हसलो की वाचन कक्षातल्या मुलांनी आपल्यालाच 'श्श' केलं.

मग तू सांगितलंस. घराच्या वास्तूला तू पूजेला बसलास तेव्हा शोभा वहिनी बाळंतपणाला पवनीला माहेरी होत्या. पूजेला जोडीनं बसायचं असतं. भटजींनी तुझ्या उजव्या हाताला पाट मांडला, त्यावर सुपारी ठेवली, म्हणाले, ही तुमची बायको. सुपारीला हळद लागली, कुंकू लागलं, पूजा पार पडली. मशीनमध्येही तसंच करता येतं. जे सामान कुठेच मिळत नाही त्याच्या नावाचं एक रिकामं पॅकेज बनवायचं. आत काही नाही. फक्त नाव, आणि "मी आलोय" एवढं म्हणायची सोय. बाकीच्यांना तेवढं पुरतं. पंगत बसते.

"वहिनींना कळलं तेव्हा?" मी विचारलं.

"अजून बोलून दाखवते. भाजीत मीठ कमी म्हटलं का म्हणते, त्या सुपारीलेच सांगा सैपाक करायले."

मी हसले, पण मला ते पटलं नव्हतं. आमच्या घरात पूजा नाही, पाट नाही, सुपारी नाही. माझ्या लग्नात माझे वडील नव्हते, तर त्यांची खुर्ची रिकामी होती, आणि रिकामी आहे हे सगळ्यांना दिसत होतं. नसलेला माणूस नसतो. त्याला आहे म्हणणं मला जमत नाही. पुस्तक हरवलं तर मी ते हरवलं असं लिहिते.

तुझ्या शेवटच्या शुक्रवारी तू माझं हे सगळं ऐकून घेतलंस, उठलास, माझ्या फळ्यांकडे गेलास आणि इतिहासाच्या रांगेतून लाकडी ठोकळा काढून माझ्या टेबलावर आपटलास.

"मंग हे काय हाय?"

वाचणाऱ्यांना सांगायला हवं. नकाशांचं मोठं पुस्तक नेहमीच्या फळीवर मावत नाही. ते दुसरीकडे आडवं ठेवावं लागतं, आणि त्याच्या खऱ्या जागी नेहमीच्या पुस्तकाएवढा लाकडाचा ठोकळा उभा करतात. सगळी ग्रंथालयं करतात.

"तुझीबी सुपारीच हाय ना वं? लाकडाची."

"नाही. नीट बघ. ठोकळ्यावर पत्ता लिहिलाय. पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या खणात. वाचणारा तिथे जातो आणि त्याला पुस्तक मिळतं. तुझ्या सुपारीवर काय लिहिलंय? तुझा मामा कुठे आहे?"

तू ठोकळा हातात घेऊन त्यावरचा पत्ता वाचलास. मी पुढे रेटलं. "आणि ज्या दिवशी खरंच लेबलं छापायची येतील, त्या दिवशी? तुझी सुपारी छापणार आहे का?"

"त्या दिवशी मी हाय ना."

"आणि पत्त्याचं?"

तू घड्याळ बघितलंस, हेल्मेट उचललंस. "सोमवारी सांगतो."

पत्त्याचं उत्तर तुझ्याकडे होतं का, हे मला कधीच कळणार नाही. रविवारी दुपारी तू गेल्याचा फोन आला.

वहिनी मागच्या बुधवारी तुझ्या वस्तू न्यायला आल्या. डबा, छत्री, ड्रॉवरमधलं स्वेटर. सगळं मी एका पिशवीत भरून ठेवलं होतं, काय काय आहे ते सांगत एकेक दाखवलं. त्या बघत नव्हत्या. त्या तुझ्या खुर्चीकडे बघत होत्या. खुर्चीवर कोणीतरी वह्यांचा गठ्ठा ठेवला होता. मला तो उचलावासा वाटला आणि उचलवेना.

"ताई, यायच्या जागी कोनी येनार असंन ना आता?"

"येतील. जाहिरात निघेल. वेळ लागतो."

"तोवर?"

"तोवर मी बघते."

त्यांनी तुझ्या मशीनला हात लावला, पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ पदराला पुसली. म्हणाल्या, "तुमाले मालूम हाय का, माह्या जागी सुपारी ठेवली होती यायनं."

"सांगितलं होतं त्यानं."

"आता पोरीचं लगन येते दोन वर्षांत. मी विचारलं भटजीले, आता मी कशी बसू? तर म्हणे, दीर-जाऊ बसतील. मी म्हटलं, सुपारी ठेवा ना त्यायच्या जागी. मी बसतो. तर म्हणे, तसं नसते." त्या माझ्याकडे बघून हसल्या. ते हसणं फार वाईट होतं. "मानसाले बायकोच्या जागी सुपारी चालते, ताई. बायकोले नवऱ्याच्या जागी काहीच चालत नाही."

मोरू, मला त्या क्षणी तुझा राग आला. तुझा नाही, त्या पाटाचा. पण समोर तू होतास, म्हणजे नव्हतास, म्हणून तुझाच आला. मी वहिनींना म्हटलं, "लग्न आमच्या पद्धतीनं करा. विहारात या. तिथे तुम्ही खुर्चीवर बसाल आणि कोणी उठवणार नाही." त्यांनी माझा हात दाबला. जाताना दारात थांबून विचारलं, "हे मशीन सुरू राहीन ना?"

"राहील."

मी शब्द देऊन बसले होते आणि शनिवार तीन दिवसांवर होता.

गुरुवारी मी तुझ्या खुर्चीवरचा गठ्ठा उचलला आणि बसले; माझा कॅटलॉग तुझ्याच मशीनवर बसवलेला आहे. पडद्यावर कोण शेवटी कधी आलं त्याची यादी आली, तुझ्या नावापुढे शुक्रवार. मशीन हे दर वेळी सांगतं. मी दर वेळी वाचते.

छपाईची आज्ञा दिली. पानभर तांबडं आलं. मी खालून वाचायला लागले आणि कानामागून आलं, पयलं नाव वाच. मी वळून बघितलं. अर्थात कोणी नव्हतं. पहिलं नाव वाचलं. तीच सुपारी. कॅटलॉग तिच्याकडे लेबल छापायला मागत होता आणि तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. मी म्हटलं होतं ना. इतकं खरं ठरून एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मग मी माझ्या पद्धतीनं केलं. सुपारी काढायची आज्ञा दिली. मशीननं विचारलं, ही काढली तर हेही सगळे जातील, चालेल का? आणि खाली नावं. कॅटलॉग, सदस्यांची ओळखपत्रं, वाचन कक्षाची नोंद, एकामागे एक. त्या रिकाम्या पॅकेजच्या भरवशावर अर्धं ग्रंथालय जेवायला बसलेलं होतं. ते सगळे पानावरून उठायच्या तयारीत मला विचारत होते. मी घाईघाईनं नाही म्हटलं.

मग ती सुपारी उघडून बघितली. प्रत्येक पॅकेजमध्ये वर्णनाची एक ओळ असते, हे काय आहे ते सांगणारी. मला वाटलं, तिथे तू काहीतरी लिहिलं असशील. खरं सांगते, मला आशा वाटली. माझ्यासाठी नाही तर नाही, निदान काय शोधलंस आणि कुठे अडलं तेवढं. तिथे इंग्रजीत एवढंच होतं, 'काही शहाणपणाचे शब्द'.

मी कितीतरी वेळ त्यात अर्थ शोधला. मग मशीनमधल्या माहितीपुस्तिकेत वाचलं. सुपारी बनवणारं ते अवजार, आपण वर्णन रिकामं सोडलं तर, हे शब्द आपणहून भरतं. तू काहीच लिहिलं नव्हतंस. तू नेहमीसारखा ती ओळ टाळून पुढे गेला होतास. तुझ्या प्रत्येक सुपारीवर तेच. काही शहाणपणाचे शब्द. काही शहाणपणाचे शब्द. रिकाम्या खोलीत मी मोठ्यानं हसले, आणि मग हसू थांबवता येईना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

डोळे पुसून पुढची माहिती वाचली, कारण शुक्रवार अजून हातात होता. आणि तिथे ते होतं. सुपारी बनवताना तिला सांगता येतं की तू एकटी बसू नकोस, अमुकाला सोबत घेऊन ये. म्हणजे नाव जुनं, पण ती ज्याच्याकडे बोट दाखवेल तो खराखुरा माणूस पंगतीला येतो. लेबल छापायचं जुनं सामान गेलं होतं, पण त्याचं काम आता दुसऱ्या नावाचं सामान करत होतं. तेवढं शोधायला मला शुक्रवारची दुपार झाली. मी नवी सुपारी बनवली. तुझ्या सुपारीच्याच नावाची, आवृत्तीचा आकडा तिच्याहून एक पुढचा. तिच्यावर लिहिलं, खरं सामान अमुक नावानं आहे, तिथे जा. मशीननं थोडा विचार केला, तो दुसरा आला, बसला, आणि यंत्रातून लेबल सरकत बाहेर आलं.

तुझी सुपारी, माझा पत्ता. पत्त्यासाठी लागणारी ओळ तुझ्या त्या अवजारात पहिल्यापासून होती. तुला ती माहीत होती का? सोमवारी तू हेच सांगणार होतास का? की तू सोमवारीही नवीन काहीतरी बोलून वेळ मारून नेली असतीस? दोन्ही मला पटतं. मी हाका मारून विचारावं इतकं पटतं.

बाकीच्या सुपाऱ्याही मी तशाच केल्या, देखभाल करणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं. एक सोडून. त्या एकीमागचं सामान बनवणाऱ्यांनीच केव्हाचं टाकून दिलं आहे. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. कॅटलॉग ते कधी वापरत नाही, सुरू होताना फक्त विचारतो, आहेस ना? आणि कोणीतरी हो म्हणावं लागतं. तिच्यावर लिहायला माझ्याकडे पत्ता नव्हता. ती मी तशीच ठेवली. तुझं नाव, आणि ते न लिहिलेले शब्द.

शनिवारी नागपूरचा माणूस आला. सभ्य होता, भराभर काम करणारा. छपाई चालते हे बघून म्हणाला, पुसायची तर गरजच नाही मग. सगळं तपासलं. शेवटी तिथे थांबला.

"मॅडम, ह्या एका पॅकेजमध्ये तर काहीच नाही."

"माहीत आहे."

"काढून टाकू?"

"ती काढली तर बाकीचे उठून जातात."

त्यानं करून बघितलं. नावांची रांग आली. त्यानं मान हलवली आणि नाही म्हटलं. मग पडद्याजवळ वाकून वाचलं. "हे मोरेश्वर सर कोण? यांनीच बनवलंय. एकदा विचारून घेऊ का त्यांना, काय करायचं?"

त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं. नसलेला माणूस नसतो, हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, आणि कोपऱ्यातल्या पंख्यानं घसा साफ केला.

मी म्हटलं, "विचारलंय. सोमवारी सांगतो म्हणाले."